शब्दांपुरते एकमत : इराकच्या निःशस्त्रीकरणाचा वाद, २००२-०३

८ नोव्हेंबर २००२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १४४१ क्रमांकाचा ठराव पंधरा विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. इराकने आपल्याकडील सर्वसंहारक अस्त्रांचा संपूर्ण हिशेब द्यावा, निरीक्षकांना विनाअट सहकार्य करावे, आणि त्याच्यासाठी ही 'अखेरची संधी' आहे, असा त्या ठरावाचा आशय. बाजूने हात वर करणाऱ्यांत अमेरिका आणि ब्रिटन होते, फ्रान्स, रशिया आणि चीन होते, आणि परिषदेतील त्या वेळचा एकमेव अरब देश सीरियाही होता. त्यानंतर साडेचार महिने उलटण्याच्या आत बगदादवर बॉम्ब पडू लागले. तेव्हा याच पंधरांपैकी काहींनी हे युद्ध १४४१ च्या आधारेच कायदेशीर असल्याचे सांगितले, तर काहींनी त्याच ठरावाचा हवाला देऊन ते बेकायदा ठरवले.

या घटनाक्रमाकडे मुत्सद्देगिरीचे अपयश म्हणून पाहण्याची रीत आहे. आधी एकमत होते, पुढे ते मोडले, अशी ती कथा. मला ती पटत नाही. ठरावाची संहिता आज शांतपणे वाचली तर असे दिसते की मतभेद मिटलेला नव्हताच. तो वाक्यरचनेत मुरवून ठेवलेला होता. आपण साहित्याचे अध्यापक संदिग्धतेला काव्यगुण मानतो आणि ते योग्यच आहे. मात्र राजकीय संहितेत संदिग्धता आली की 'याचा अर्थ लावायचा कोणी' हा प्रश्न सत्तेचा होतो. इराकच्या बाबतीत तो कसा झाला, हे पाहणे हा या लेखाचा हेतू.

थोडे मागे जावे लागेल. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर परिषदेने २९ नोव्हेंबर १९९० च्या ६७८ व्या ठरावाने सदस्य राष्ट्रांना 'सर्व आवश्यक उपाय' योजण्याची मुभा दिली. राजनैतिक परिभाषेत या तीन शब्दांचा अर्थ एकच : युद्ध. कुवेत मुक्त झाल्यानंतर ३ एप्रिल १९९१ च्या ६८७ व्या ठरावाने युद्धबंदीच्या अटी घातल्या. रासायनिक आणि जैविक अस्त्रे, अण्वस्त्रांची तयारी, आणि दीडशे किलोमीटरपेक्षा लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे इराकने निरीक्षकांच्या देखरेखीखाली नष्ट करायची होती. पुढची सात वर्षे निरीक्षक आणि बगदाद यांच्यात लपंडाव चालला. डिसेंबर १९९८ मध्ये निरीक्षक बाहेर पडले आणि लगोलग अमेरिका-ब्रिटनने चार दिवस बॉम्बफेक केली. निरीक्षकांच्या तुकडीचा उपयोग अमेरिकी हेरखात्याने करून घेतल्याचे नंतर उघड झाले, आणि ज्यांना इराकवरील आर्थिक निर्बंध नकोसे झाले होते त्या फ्रान्स, रशिया आणि चीन यांच्या हाती एक चांगले निमित्त आले. १९९९ च्या डिसेंबरात नवी निरीक्षणयंत्रणा उभारण्याचा ठराव आला तेव्हा हे तिघेही तटस्थ राहिले. म्हणजे परिषदेतील फूट जुनीच होती. जॉर्ज बुश यांच्या उद्दामपणातून ती एकाएकी उगवली नाही.

इराकविषयीचा संशयही निराधार नव्हता. १६ मार्च १९८८ ला हलबजा या कुर्दी गावावर सद्दाम हुसेनच्या विमानांनी विषारी वायू सोडला आणि सुमारे पाच हजार माणसे मारली. जैविक अस्त्रांचा आपला कार्यक्रम इराकने निरीक्षकांपासून वर्षानुवर्षे दडवला. ऑगस्ट १९९५ मध्ये सद्दामचा जावई हुसेन कामेल जॉर्डनला पळाला आणि त्यानंतरच बगदादने कागदपत्रांचे पेटारे निरीक्षकांपुढे ठेवले. ज्याने एकदा असे खोटे बोलून दाखवले त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न हास्यास्पद नव्हता. युद्धाला विरोध करणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांनी तो त्या वेळी फार लवकर झटकून टाकला, असे मला वाटते.

पण या हुसेन कामेलचीच गोष्ट पुढे पाहण्यासारखी आहे. २६ ऑगस्ट २००२ रोजी अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी माजी सैनिकांपुढे भाषण करताना इराककडे संहारक अस्त्रे आहेत याबद्दल शंकाच नाही असे सांगितले आणि साक्षीदार म्हणून या जावयाचा दाखला दिला. तो बिचारा तोवर हयात नव्हता. १९९६ च्या फेब्रुवारीत बगदादला परतल्यावर त्याला ठार मारण्यात आले होते. त्याने निरीक्षकांना दिलेल्या जबानीत आणखी एक गोष्ट सांगितली होती : सर्व अस्त्रे १९९१ मध्येच नष्ट केली. जबानीचा हा भाग २००३ च्या फेब्रुवारीअखेर वृत्तपत्रांत आला, आणि तोवर फार उशीर झालेला होता. एकाच साक्षीदाराचे अर्धे वाक्य प्रमाण मानायचे आणि उरलेले अर्धे गाळायचे, ही अवतरणाची पद्धत आपण पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधातही चालवून घेत नाही.

आता १४४१ कडे येऊ. १२ सप्टेंबर २००२ ला बुश यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भाषण करून परिषदेला आव्हान दिले : आपले ठराव अमलात आणा, नाहीतर निरर्थक ठरा. चारच दिवसांनी इराकने निरीक्षकांना परत येऊ देण्याची तयारी दाखवली. मग सुमारे आठ आठवडे मसुद्याची घासाघीस चालली. अमेरिकेच्या सुरुवातीच्या मसुद्यात 'सर्व आवश्यक उपाय' हे परिचित शब्द होते. फ्रान्स आणि रशियाने ते काढायला लावले. त्यांच्या जागी अंतिम मसुद्यात आले 'गंभीर परिणाम'. इराकने जबाबदाऱ्यांचे उल्लंघन चालू ठेवल्यास त्याला गंभीर परिणाम भोगावे लागतील, असा इशारा परिषदेने यापूर्वीही वारंवार दिला आहे, याचे नुसते स्मरण ठराव करून देतो. परिणाम कोणते, ते कोणी घडवायचे आणि केव्हा, याविषयी कर्तृपद नसलेले हे वाक्य काहीच बोलत नाही.

चौथे कलम याहून मनोरंजक आहे. इराकने दिलेल्या निवेदनात खोटी विधाने किंवा गाळलेल्या गोष्टी सापडल्या 'आणि' त्याने सहकार्य केले नाही, तर ते आणखी एक 'मूलभूत उल्लंघन' ठरेल. या उभयान्वयी अव्ययावर मोठमोठ्या विधिज्ञांनी खल केला, कारण 'आणि'च्या जागी 'किंवा' असते तर नुसते खोटे निवेदनही पुरेसे झाले असते. बारावे कलम सांगते की असे उल्लंघन कळवण्यात आल्यास परिषद तत्काळ बैठक घेऊन परिस्थितीचा 'विचार' करील. विचार करील, निर्णय करील असे नाही. फ्रान्सच्या लेखी या कलमाचा अर्थ उघड होता : परिषद बसेल, म्हणजेच परिषद ठरवील. ब्रिटनचे महान्यायवादी लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी पुढे नेमका उलट निष्कर्ष काढला. परिषदेला निर्णयाचा अधिकार स्वतःकडे राखायचा असता तर तिने 'निर्णय' हा शब्द घातला असता. तिने फक्त चर्चेची तरतूद केली, म्हणून १९९० च्या ६७८ व्या ठरावातील युद्धाची मुभा आपोआप पुनरुज्जीवित होते. बारा वर्षांपूर्वी कुवेतसाठी दिलेली परवानगी एका क्रियापदाच्या आधारे बगदादपर्यंत नेण्याचा हा प्रयत्न होता. मीमांसकांनाही हेवा वाटावा असे हे वाक्यार्थविवरण आहे! विशेष म्हणजे ७ मार्च २००३ च्या गोपनीय सल्ल्यात गोल्डस्मिथ यांनी दुसरा ठराव मिळवणे हाच अधिक सुरक्षित मार्ग असल्याचे म्हटले होते. दहा दिवसांनी संसदेपुढे आलेल्या त्यांच्या संक्षिप्त उत्तरात या शंकांचा मागमूस उरला नव्हता.

मतदानाच्या दिवशी दोन्ही वाचने उघडपणे मांडली गेली, हेही नोंदवले पाहिजे. अमेरिकेचे प्रतिनिधी जॉन निग्रोपोंटे यांनी ठरावात छुपी कळ नाही आणि त्यातून युद्ध आपोआप सुरू होत नाही, अशी ग्वाही दिली. ब्रिटनचे जेरेमी ग्रीनस्टॉक तेच बोलले. फ्रान्स, रशिया आणि चीन यांनी संयुक्त निवेदन काढून हाच अर्थ ठासून सांगितला. मात्र निग्रोपोंटे यांनी त्याच भाषणात पुढे असेही म्हटले होते की परिषदेने ठोस कृती केली नाही, तर कोणत्याही सदस्य राष्ट्राला स्वसंरक्षणार्थ पाऊल उचलण्यापासून हा ठराव रोखत नाही. म्हणजे कोणी कोणाला फसवले असे म्हणता येत नाही. प्रत्येकाने आपल्याला हवे ते वाक्य ऐकले आणि हात वर केला.

निरीक्षक २७ नोव्हेंबरला कामाला लागले. ७ डिसेंबरला इराकने सुमारे बारा हजार पानांचे निवेदन सादर केले. त्यात नवे फारसे काही नव्हते, आणि येथे या वादातील तात्त्विक पेच सुरू होतो. 'निःशस्त्रीकरण' या शब्दाने शस्त्रांचे अस्तित्व गृहीत धरलेले आहे. ज्याच्यापाशी शस्त्र आहे त्याने ते आणून टाकले की निःशस्त्रीकरण सिद्ध झाले. पण ज्याच्यापाशी नाही त्याने काय आणून दाखवावे? इराकने एकेकाळी साडेआठ हजार लिटर अँथ्रॅक्स तयार केल्याचे मान्य केले होते आणि ते १९९१ मध्ये परस्पर नष्ट केल्याचा त्याचा दावा होता. नष्ट केल्याचा पटण्याजोगा पुरावा नव्हता. निरीक्षकप्रमुख हान्स ब्लिक्स यांनी २७ जानेवारी २००३ च्या अहवालात हे स्पष्टपणे सांगितले, आणि इराकने निःशस्त्रीकरणाची अट मनापासून स्वीकारलेली दिसत नाही असा कडक शेराही मारला. युद्धवादी मंडळींना तो दिवस सणासारखा वाटला असेल. पण याच ब्लिक्स यांनी १४ फेब्रुवारीला बजावले की जे हिशेबात लागत नाही ते अस्तित्वात आहेच, अशी उडी मारता येणार नाही. हिशेब न लागणे आणि वस्तू असणे यांतील हे अंतर हाच सगळ्या वादाचा गाभा होता.

आपल्याकडच्या तर्कपरंपरेने या अंतराचा फार बारकाईने विचार केलेला आहे. नैयायिकांनी 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानला. भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत्यांनी तो जाणण्यासाठी 'अनुपलब्धी' हे निराळे प्रमाण मानले. जमिनीवर घट नाही हे आपल्याला कशाने कळते, हा त्यांचा आवडता प्रश्न. त्याचे उत्तर देताना त्यांनी एक अट घातली : घट तेथे असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. काळोखात घट दिसला नाही म्हणून तो नाही असे म्हणता येत नाही. लख्ख उजेडात दिसला नाही तर म्हणता येते. अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी जून २००२ मध्ये ब्रुसेल्स येथे पुराव्याचा अभाव हा अभावाचा पुरावा नव्हे, असे सुभाषितवजा वाक्य टाकले होते. काळोखापुरते ते खरे होते. पण नोव्हेंबरानंतर काळोख राहिला नव्हता. ब्लिक्स यांचे काम दिवा लावण्याचे होते. त्यांच्या माणसांनी युद्धापूर्वी सातशेहून अधिक तपासण्या केल्या, हेरखात्यांनी बोट दाखवलेल्या जागाही पाहिल्या, आणि जे सापडेल असे सांगितले गेले होते ते सापडले नाही. न सापडण्याला आता प्रमाणाचे मूल्य येऊ लागले होते. वॉशिंग्टनमध्ये मात्र त्याचा अर्थ असा लावला गेला की सद्दामने ते फारच चांगले लपवले आहे. एकदा ही भूमिका घेतली की पुरावा मिळाला तरी दोष सिद्ध होतो आणि न मिळाला तरी अधिकच सिद्ध होतो.

५ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी परिषदेत सव्वा तासाहून अधिक काळ चित्रफिती, उपग्रहछायाचित्रे आणि चोरून ऐकलेली संभाषणे सादर केली. त्या भाषणातील तपशिलांचे पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे. फिरत्या जैविक प्रयोगशाळांची माहिती प्रामुख्याने ज्या एका इराकी खबऱ्याकडून आली होती, त्याची ती कथा बनावट निघाली. येथे मला वेगळ्याच एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे, कारण ती आपल्या व्यवसायाशी निगडित आहे. पॉवेल यांनी भाषणात ब्रिटिश सरकारने नुकत्याच प्रसृत केलेल्या एका दस्तऐवजाची वाखाणणी केली. केंब्रिजमधील एका अध्यापकाने तो वाचला आणि त्याच्या लक्षात आले की गुप्तहेरांची ताजी माहिती म्हणून जगापुढे आलेल्या या मजकुराचा मोठा भाग कॅलिफोर्नियातील एका संशोधक विद्यार्थ्याच्या प्रसिद्ध लेखातून, विरामचिन्हांच्या चुकांसकट, उचललेला आहे. त्या लेखाचा विषयही बव्हंशी आधीच्या आखाती युद्धाच्या काळातील कागदपत्रांवर आधारलेला होता. वाङ्मयचौर्य येथवर हास्यास्पद आहे. पण नक्कल करणाऱ्याने काही शब्द बदललेही होते. मूळ लेखात इराकी हेरखाते परकीय वकिलातींवर 'लक्ष ठेवत' होते. सरकारी प्रतीत ते 'हेरगिरी करत' होते. मूळ लेखात ते शत्रुदेशांतील 'विरोधी गटांना साहाय्य' करत होते. सरकारी प्रतीत 'दहशतवादी संघटनांना पाठिंबा' देत होते. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही येथे नक्कलकाराचा हेतू वाचता येतो. लेखनिकाच्या हातून चुकून असे पाठ पडत नाहीत.

१४ फेब्रुवारीच्या बैठकीत फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री दोमिनिक द व्हिल्पँ यांनी निरीक्षकांना वेळ देण्याची मागणी केली. रम्सफेल्ड यांनी काही दिवसांपूर्वी फ्रान्स-जर्मनीला 'जुना युरोप' म्हणून हिणवले होते. तो धागा पकडून व्हिल्पँ यांनी आपण एका जुन्या देशाच्या वतीने बोलत असल्याचे सांगितले आणि त्या सभागृहात सहसा न ऐकू येणाऱ्या टाळ्या मिळवल्या. भाषण उत्तम होते. फ्रान्सचे इराकमधील तेलहितसंबंध त्यामुळे नाहीसे होत नाहीत. पण बोलणाऱ्याचा स्वार्थ दाखवून दिला म्हणजे त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही, हे तर्कशास्त्राचे पहिलेच सूत्र त्या काळातील अमेरिकी वृत्तपत्रे विसरली होती. दुसऱ्या दिवशी, १५ फेब्रुवारीला, जगभरच्या शहरांत लाखो लोक रस्त्यावर आले. १ मार्चला इराकने दीडशे किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी अल-समूद क्षेपणास्त्रे फोडायला सुरुवात केली. त्याच दिवशी तुर्की संसदेत अमेरिकी सैन्याला आपल्या भूमीवरून इराकमध्ये उतरू देण्याचा प्रस्ताव आला. बाजूने २६४, विरुद्ध २५०, तटस्थ १९. बाजूची मते जास्त असूनही उपस्थितांच्या निम्म्याहून अधिक मते न मिळाल्याने तो फेटाळला गेला.

७ मार्चला अणुऊर्जा संस्थेचे मोहम्मद अल-बरादेई यांनी इराकने नायजरकडून युरेनियम मागितल्याचे दाखवणारी कागदपत्रे अस्सल नसल्याचे परिषदेला सांगितले. ब्लिक्स म्हणाले की उरलेले काम पुरे करायला वर्षे लागणार नाहीत, आठवडेही पुरणार नाहीत, महिने लागतील. अमेरिका, ब्रिटन आणि स्पेन यांनी त्याच दिवशी १७ मार्चची मुदत घालणारा सुधारित मसुदा पुढे आणला. ठराव संमत व्हायला नऊ मते हवी होती. बल्गेरिया धरून चार निश्चित होती. फ्रान्स, रशिया, चीन, जर्मनी आणि सीरिया विरोधात. उरले अंगोला, कॅमेरून, चिली, गिनी, मेक्सिको आणि पाकिस्तान. या सहा देशांचे त्या दोन आठवड्यांत जे आर्जव झाले आणि जो दबाव त्यांच्यावर आला, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्यांच्या प्रतिनिधींची संभाषणे चोरून ऐकण्याची अमेरिकी योजना एका लंडनच्या साप्ताहिकाने उघडकीला आणली. तरीही मते जमली नाहीत.

१० मार्चला फ्रान्सचे अध्यक्ष जॅक शिराक दूरचित्रवाणीवर म्हणाले की परिस्थिती कोणतीही असो, फ्रान्स विरोधी मत देईल, कारण निःशस्त्रीकरणाचे उद्दिष्ट गाठण्यासाठी युद्ध करण्याचे कारण आज संध्याकाळी फ्रान्सला दिसत नाही. या वाक्यातील 'परिस्थिती कोणतीही असो' हे शब्द लंडनने उचलले. 'आज संध्याकाळी' सोडून दिले. फ्रेंचांचे म्हणणे असे की विधान त्या क्षणी पुढे असलेल्या मसुद्यापुरते होते आणि मते कशीही पडली तरी असा त्याचा रोख होता. निरीक्षक अयशस्वी ठरले तर युद्ध अटळ होईल असेही शिराक यांनी त्याच मुलाखतीत मान्य केले होते. ब्रिटिश सरकारने मात्र १८ मार्चला कॉमन्स सभागृहात मांडलेल्या प्रस्तावातच नमूद केले की एका स्थायी सदस्याने कोणत्याही परिस्थितीत नकाराधिकार वापरण्याचा मनोदय जाहीर केल्यामुळे दुसरा ठराव मिळू शकला नाही. परिषद लुळी पाडल्याचे खापर अशा रीतीने एका क्रियाविशेषणात्मक वाक्यांशावर फोडले गेले.

याला एक पुरवणी आहे आणि ती तेरा वर्षांनी उजेडात आली. ब्रिटनच्या चिल्कॉट चौकशी समितीचा बारा खंडांचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी प्रसिद्ध झाला तेव्हा त्यासोबत टोनी ब्लेअर यांनी बुश यांना पाठवलेली टिपणेही बाहेर आली. २८ जुलै २००२ च्या टिपणाची सुरुवातच अशी आहे की काहीही झाले तरी मी तुमच्यासोबत असेन. तारीख पाहावी. आमसभेतील भाषण अजून व्हायचे होते, १४४१ चा मसुदा लिहिला गेला नव्हता, एकही निरीक्षक बगदादला पोचला नव्हता. शिराक यांचे 'काहीही झाले तरी' साऱ्या जगाने ऐकले आणि त्यावर संसदेत प्रस्ताव झाला. ब्लेअर यांचे 'काहीही झाले तरी' लखोट्यात राहिले. त्या टिपणात पुढे अटी आणि अडचणींची चर्चा आहे, हे ब्लेअर यांच्या समर्थकांचे म्हणणे खरे आहे. पण मग शिराक यांच्या वाक्याचाही पुढचा भाग वाचायला हवा होता.

हस्तक्षेपाची बाजू घेणारे सर्वच लोक खोटारडे होते असे मानणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. कनान मकिया यांच्यासारखे इराकी विचारवंत सद्दामच्या क्रौर्याची साधने वर्षानुवर्षे गोळा करत होते. त्यांच्या दृष्टीने अस्त्रे आहेत की नाहीत हा प्रश्न गौण होता. रवांडात १९९४ मध्ये जग हातावर हात ठेवून बसले होते. १९९९ मध्ये नाटोने परिषदेच्या परवानगीवाचून कोसोव्होत कारवाई केली आणि अनेक उदारमतवाद्यांनी तिचे स्वागत केले. हा युक्तिवाद प्रामाणिक होता. पण युद्ध त्या युक्तिवादावर पुकारले गेलेच नाही. तसे केले असते तर परिषदेत वा संसदेत ते टिकले नसते, म्हणून अस्त्रांचे कारण पुढे करण्यात आले. हा फरक ज्यांना नीट उमगला त्यांत रॉबिन कुक होते. कोसोव्होच्या वेळी तेच ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होते आणि त्या कारवाईचे समर्थक होते. १७ मार्च २००३ ला त्यांनी मंत्रिमंडळातून राजीनामा दिला आणि सभागृहात सांगितले की ज्याला सामान्यतः सर्वसंहारक अस्त्रे म्हणतात तशी इराककडे बहुधा नाहीत. भाषण संपल्यावर काही सदस्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, जे त्या सभागृहाच्या रिवाजाबाहेरचे आहे. दुसऱ्या दिवशी ब्लेअर यांच्या पक्षाच्या १३९ सदस्यांनी विरोधी दुरुस्तीच्या बाजूने मत दिले. मूळ प्रस्ताव ४१२ विरुद्ध १४९ असा संमत झाला. २० मार्चला युद्ध सुरू झाले.

भारतातही वाद अखेर एका शब्दावरच येऊन थांबला. युद्ध सुरू झाल्यावर विरोधी पक्षांना संसदेचा तीव्र निषेधाचा ठराव हवा होता. वाजपेयी सरकारला अमेरिकेशी सुधारत चाललेले संबंध बिघडवायचे नव्हते. मनोहर जोशी तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते. ८ एप्रिल २००३ रोजी सर्वांनी मिळून हिंदीतील ठराव संमत केला आणि त्यात शब्द घातला 'निंदा'. इंग्रजीत सरकारने त्याचे रूपांतर 'डिप्लोअर', म्हणजे खेद आणि नापसंती यांच्या मधले काहीतरी, असे केले. विरोधकांच्या मते त्याचा अर्थ 'कन्डेम' असाच होता. दोन्ही बाजूंनी आपलाच विजय झाल्याचे सांगितले. मराठी कानाला यातली विसंगती जास्त जाणवते. हिंदीत सरकारे एकमेकांची 'निंदा' करतात. मराठीत निंदा माणसाच्या पाठीमागे होते आणि तोंडावर होतो तो निषेध. कोणत्याही मराठी विधिमंडळाने परकीय आक्रमणाची 'निंदा' केली असती तर ते कुजबुजल्यासारखे वाटले असते. पण न्यूयॉर्कमध्ये जे 'गंभीर परिणाम' या शब्दांनी साधले तेच दिल्लीत 'निंदा' या शब्दाने साधले, असे म्हणायला हरकत नाही.

दिल्लीतील पुढचा निर्णय मात्र निःसंदिग्ध झाला. अमेरिकेने इराकमध्ये भारतीय सैन्याची एक डिव्हिजन मागितली होती. १४ जुलै २००३ रोजी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवणार नाही असे जाहीर केले. भारतीय सैनिक त्या भूमीवर पूर्वी एकदा गेले होते. पहिल्या महायुद्धात टायग्रिसच्या काठी कुत येथे जी ब्रिटिश-भारतीय फौज वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली, तिच्यात ११० वी मराठा पलटण होती. पुढच्या वर्षी बगदाद घेतल्यावर जनरल मॉड यांनी मार्च १९१७ मध्ये काढलेल्या जाहीरनाम्यात म्हटले होते की आमची सैन्ये तुमच्या शहरांत विजेते म्हणून आलेली नाहीत, मुक्तिदाते म्हणून आली आहेत.

अमेरिकेने नेमलेल्या तपासगटाने व्यापलेल्या इराकचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. त्याचे पहिले प्रमुख डेव्हिड के यांनी जानेवारी २००४ मध्ये सेनेटच्या समितीपुढे आपण जवळजवळ सगळेच चुकलो असे सांगितले. त्यांच्यानंतर आलेल्या चार्ल्स ड्युल्फर यांच्या २००४ च्या अहवालाने रासायनिक अस्त्रांचे साठे १९९१ मध्येच नष्ट झाले होते हे मान्य केले. म्हणजे हुसेन कामेलचे गाळलेले अर्धे वाक्य खरे होते. सद्दामने तरीही संशयाचे धुके पूर्णपणे का हटवले नाही, याचे ड्युल्फर यांनी दिलेले कारण असे की इराणला आपण निःशस्त्र झालो हे कळू नये अशी त्याची इच्छा होती. एकाच संदिग्ध वाक्याने तेहरानला भिववायचे आणि न्यूयॉर्कला शांत करायचे, हा त्याचा खेळ होता. संदिग्धतेचा आश्रय केवळ मुत्सद्द्यांनीच घेतला नव्हता. चिल्कॉट समितीने शांततेचे मार्ग संपण्यापूर्वीच युद्ध पत्करले गेले असा निष्कर्ष काढला, आणि जुलै २००९ पर्यंत किमान दीड लाख इराकी, बहुधा त्याहून पुष्कळ अधिक, मेले असे नोंदवले. त्यांतील बहुतेक नागरिक होते.

निरीक्षकांची यंत्रणा मात्र कागदोपत्री आणखी चार वर्षे जिवंत होती. २९ जून २००७ रोजी परिषदेने १७६२ व्या ठरावाने ती बरखास्त केली. चौदा मते बाजूने पडली, रशिया तटस्थ राहिला. रशियाची तक्रार अशी होती की ज्या प्रश्नाचे उत्तर शोधायला निरीक्षक नेमले, इराककडे अस्त्रे होती की नव्हती, त्याचे उत्तर परिषदेच्या दप्तरात लिहिलेच गेले नाही.